पाच नंबर आगाऊ

देवमन पडघान सहा वर्षं एका रेल्वे फाटकावर होता. त्या सहा वर्षांत फाटक उघडं टाकून तो कधी झोपला नाही आणि दारू पिऊन कामावर आला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यानंतर लोक त्याच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं, आणि जे खरं होतं ते कोणी बोललं नाही.

जऊळक्याकडून वाशिमकडे येणाऱ्या छोट्या लाईनवर शेलवाडी रोड नावाचं स्टेशन होतं. गाव दूर, स्टेशन माळावर. तिथून मैलभरावर देवमनचं फाटक. फाटकाला लागून एक खोली, तिच्यात देवमन आणि त्याची बायको गंगू. छप्पन साली बापाच्या बोटाला धरून त्याचा धाकटा भाऊ बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेला होता, देवमन स्वतः त्या दोघांच्या पुढे चालला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि दुसऱ्याच्या शेतात राबत होता. परत आला तो रेल्वेत लागायचं ठरवूनच. आधी रूळ उचलणाऱ्या टोळीत दहा वर्षं, मग अडुसष्ट साली फाटक मिळालं. चौथी पास होता म्हणून मिळालं. फाटकवाल्याला लिहिता-वाचता येणं लागायचं, कारण नंबराचं काम होतं.

नंबराचं काम असं. खोलीत दांडा फिरवून वाजवायचा काळा फोन होता. गाडी सोडायच्या आधी स्टेशनमास्तर फोन करून फाटक बंद करायला सांगायचा. देवमनने जाऊन दोन्ही बाजू बंद करायच्या, कुलपं घालायची, आणि परत येऊन एका छापील कागदावरचा पुढचा नंबर मास्तरला सांगायचा. दोनआकडी नंबर, एकामागे एक, पण कशाला क्रम नाही. सांगितला की खोडायचा आणि वहीत वेळेसकट लिहायचा. मास्तरही आपल्या वहीत लिहायचा आणि मगच गाडी सुटायची. हा कागद फक्त फाटकवाल्याकडे. पुढचा नंबर मास्तरला माहीत नसायचा, आणि म्हणूनच त्याच्या वहीत तो आला की फाटक खरोखर बंद झालं असं धरलं जायचं. रेल्वेतले त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत.

देवमन तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवी आणि किल्ली करगोट्याला बांधी. गंगूलाही दाखवत नसे. ती हसायची.

"मले कुठं वाचता येते? पाह्यला तं काय होईन?"

"तुले नाही येत, पन तुह्या डोळ्यात पाहून दुसऱ्याले येईन," तो म्हणायचा.

वस्तीत कोणी विचारलं तर तो सांगायचा, "एवढी मोठी गाडी, साहेब बसले असोत का मंत्री, मी दोन आकडे सांगतल्याबिगर हालत नाही." हा त्याचा एकच ताठा होता.

बहात्तर साली दौलतराव नावाचे मास्तर बदलून आले. पन्नाशीचे, चांगल्या घरचे, सत्तर एकरांचे धनी. नोकरी हौसेची. आधीचे मास्तर फाटकाकडे आले तर सायकलवरूनच बोलत, आणि तहान लागली तर स्टेशनच्या रांजणापर्यंत दम धरत. दौलतराव पहिल्याच आठवड्यात भर उन्हात आले, सायकल भिंतीला लावली आणि सरळ देवमनच्या बाजेवर बसले.

"वहिनी, पानी द्या बरं," ते गंगूला म्हणाले.

गंगू तशीच उभी राहिली. तिला वाटलं, त्यांना माहीत नाही. देवमनलाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "मास्तरसाहेब, आमी बौद्ध आहोत."

"मंग? बौद्धाच्या घरी पानी थंड होत नाही का?" दौलतराव म्हणाले.

त्यांनी गंगूच्या हातून पेला घेतला, ओठाला लावून पाणी प्याले आणि आणखी मागितलं. त्या संध्याकाळी देवमनने ही गोष्ट वस्तीत पाच घरी सांगितली. पुढे चहा झाला. ज्वारीची भाकर आणि ठेचाही झाला. गंगूने वाशिमच्या बाजारातून मास्तरसाठी वेगळी कपबशी आणली, तेव्हा दौलतराव रागावले. "वेगळी कायले? तुमी पेता त्याच्यातच द्या." गंगूच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंबर त्यांनी तिसऱ्या महिन्यात मागितले.

"देवमन, हा दांडा फिरवून फिरवून खांदा गेला माझा. दुपारच्या गाड्या ठरलेल्या आहेत, फाटक तू वेळेवर बंद करतोस. सकाळीच पाच नंबर सांगून देत जा एकदम. मी माझ्या वहीत लिहून घेतो."

"तसं नाही जमत साहेब. एका गाडीले एक नंबर, फाटक लावल्यावर. मागं साहेब लोक शिकवाले आल्ते तं बजावून सांगतलं."

दौलतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा उरला होता. ते उठले. आवाज चढवला नाही, चेहरा मात्र दुखावल्यासारखा केला.

"मी तुझ्या घरचं खातो-पितो. माझ्या भावकीत माझ्यामागं काय बोलतात ते तुले सांगतलं नाही कधी. अन् तू माझ्यावर दोन आकड्यांचा इस्वास ठेवत नाहीस. राहू दे."

पुढचे आठ दिवस ते आले नाहीत. देवमनला जेवण गोड लागेना. नवव्या दिवशी त्याने स्वतः दांडा फिरवला आणि पाच नंबर सांगितले. आपण काहीतरी परत करतो आहोत असं त्याला वाटलं.

मग ते रोजचंच झालं. देवमनच्या वहीत नंबर लिहिलेले, वेळेची जागा कोरी. चार-सहा दिवसांनी दौलतराव येत, चहा घेत आणि आपल्या वहीतून वेळा सांगत. देवमन त्या भरत जाई. दोन्ही वह्या अशा जुळत की तपासणीला आलेल्या साहेबाने एकदा शाबासकी दिली. पलीकडच्या फाटकावर इंद्रभान नावाचा माणूस होता, तोही असेच नंबर देत होता. दुपारी गाड्या सोडण्याआधी विचारायचं बंद झालं होतं. दौलतराव बाकावर पाय पसरून पडत. कागदावर पहारा होता, आणि पहारेकरी चहा पाजून विकत घेतलेला होता. पण आपण विकले गेलो हे देवमनला कळत नव्हतं. तो त्याला मान समजत होता. ही गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त शिसारी इथेच येते.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेला बैलगाड्यांची रांग लागली होती. रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेनऊला रामकिसन नावाचा लाईनमन आला. तारेचे खांब वाकले होते. त्याने देवमनला सांगितलं, "फोन बंद राहीन बारा वाजेलोक. स्टेशनात चिठ्ठी दिली हाये मी."

फोन बंद असेल तर नियम साधा होता. मास्तरने ड्रायव्हरला लेखी कागद द्यायचा, ड्रायव्हरने फाटकाआधी गाडी थांबवायची आणि फाटक पाहून पुढे जायचं. म्हणून देवमन निश्चिंत होता. फाटक बंद ठेवून तो मधूनमधून उघडत होता आणि दोन-चार बैलगाड्या सोडत होता. यात्रेकरू ओरडत होते, बैल तहानले होते. यात्रेची गर्दी होणार म्हणून या वेळी आदल्या संध्याकाळीच आपण उद्याचे पाच नंबर देऊन बसलो आहोत, हे त्याच्या ध्यानातून पार गेलं होतं.

दौलतरावांच्या ध्यानात होतं. अकराच्या सुमाराला एक मालगाडी आली. नंबर वहीत होताच. ड्रायव्हरला कागद लिहून द्यायचा तर कागद, सही, ताटकळणं. त्यांनी गाडी तशीच सोडली.

यात्रेला निघालेला लखीराम राठोड उघड्या फाटकातून बैलांच्या पुढे चालत होता, कासरा हातात. गाडीत मागे त्याची बायको सोनीबाई, मांडीवर नारळ आणि गुळाचं गाठोडं. शिट्टी वळणावर वाजली. देवमन हात वर करून धावला. डावा बैल बिथरला आणि रुळावरच अडला. इंजिनाने गाडीची मागची बाजू उचलून नेली. लखीराम कासऱ्यासकट खड्ड्यात पडला आणि वाचला. एक बैल मेला. सोनीबाईचं जे उरलं होतं त्यावर देवमनने आपली चादर टाकली. ती पुरली नाही, म्हणून गंगूने आपलं लुगडं आणलं.

वीस मिनिटांनी दौलतराव सायकलवरून आले. रूळ ओलांडताना खाली रक्त होतं, तेव्हा त्यांनी पँटची मोहरी दोन बोटांनी वर उचलली. लखीराम रस्त्यावर बसून बायकोचं नाव घेत होता. त्याच्याकडे न पाहता ते खोलीत शिरले.

"देवमन, आधी वही."

"साहेब, बाई मेली."

"दिसते मले. वही काढ. पहिला नंबर कोणता? सत्तेचाळीस. वेळ लिही, दहा पन्नास."

"फोनच बंद होता साहेब. मी दहा पन्नासले नंबर कसा..."

"लिही म्हणतो ना. कोरी राहिली तर तू आधी अडकशील. तुझ्या भल्याचं सांगून राह्यलो."

देवमनने वही उघडली. गेली दीड वर्षं ज्या आवाजाने वेळा सांगितल्या त्याच आवाजाने ही वेळ सांगितली, आणि त्याच्या हाताने ती लिहिली. अक्षर वाकडं आलं, पण त्याचंच होतं.

मग दौलतराव माठाकडे गेले. स्वतःच्या हाताने पेला भरला, घटाघटा प्याले, तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन जमलेल्या लोकांना मोठ्याने म्हणाले, "फाटक उघडलं कोनी?"

त्या दिवशी पोलीस गेले, प्रेत गेलं, मेलेला बैल ओढून नेला. देवमन खोलीत आला आणि माठावरचा तो पेला त्याला दिसला. बाहेर जाऊन तो ओकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसऱ्या माणसाच्या ओठांचा विटाळ वाटला. ज्या शब्दाने त्याच्या बापाची हयात खाल्ली तोच आपल्या मनात आला, हे कळल्यावर त्याला स्वतःचीही किळस आली. गंगूने पेला उचलला आणि दूर नाल्यात फेकून आली.

चौकशी स्टेशनातच झाली. बाहेरून आलेले साहेब टेबलामागे, दौलतराव शेजारच्या खुर्चीवर, देवमन उभा. त्याने काही लपवलं नाही. रोज पाच नंबर आगाऊ देत होतो, मास्तर मागत होते, वेळा नंतर भरत होतो, सगळं सांगितलं.

"हे अक्षर तुमचं आहे?" साहेबांनी वही पुढे केली.

"हो."

"नंबर तुमच्या कागदावरचा?"

"हो."

"गुप्त नंबर असतो हे माहीत होतं?"

"माहीत होतं साहेब."

"मग दिला कशाला?"

देवमनने दौलतरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. 'ते माझ्या घरचं पाणी प्याले म्हणून दिला,' हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्या खोलीत ते बोलणं म्हणजे कपडे काढून उभं राहण्यासारखं होतं. तो म्हणाला, "चूक झाली."

दौलतरावांनी जबाब दिला की आपण कधीही आगाऊ नंबर मागितला नाही, दहा पन्नासला फोनवर नंबर आला, गेटमन फाटक लावून पुन्हा उघडून बसला असावा. फोन बंद होता हे देवमनचं म्हणणं कोणी लिहून घेतलं नाही. इंद्रभानला बोलावलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, "आमच्याकडं असं काई चालत नाही साहेब." मग लखीरामच्या अंगठ्याचा एक कागद वाचून दाखवला. फाटकवाला झोपेत होता, लोकांच्या ओरडण्याने उठला आणि न बघता फाटक उघडलं, असं त्यात होतं. देवमनला ते ऐकून रडायलाही आलं नाही. देवमनला बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटलेलं होतं. आत साहेबांसाठी चहा आला, आणि दौलतराव त्यांना आपल्या घरच्या संत्र्यांबद्दल सांगू लागले.

देवमनवर पोलीस केस होणार असं ठरलं. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. गंगूने मात्र त्या दिवसाचा एकेक क्षण आठवायला घेतला, आणि तिला रामकिसन आठवला. फोन बारापर्यंत बंद होता. मग दहा पन्नासला नंबर फोनवरून आला कसा?

रामकिसन जऊळक्याला राहायचा. गंगू सकाळच्या गाडीने गेली. त्याने तिला ओळखलं आणि ओळखल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी लहान मानूस. मास्तर लोकायच्या भानगडीत मले नका पाडू."

"तार बंद करताना तुमी चिठ्ठी देता म्हने. तिची दुसरी प्रत तुमच्यापाशी राह्यते का?"

"राह्यते."

"तिच्यावर सही कोनाची हाये?"

रामकिसन आत निघून गेला. गंगू त्याच्या ओट्यावर बसली. दुपार झाली तरी उठली नाही. शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी तुमच्या घरची भाकर खाल्ली होती, म्हनून देतो."

"भाकरीचं नाव काढू नका," गंगू एकदम कडाडली. "भाकर मागाले नाही आली अन् भाकर मोजाले नाही आली. खरं असन तं द्या, नाही तं राहू द्या."

त्याने चिठ्ठ्यांच्या पुस्तकातलं पान फाडून दिलं. फोन सकाळी साडेनऊपासून बंद, बारा दहाला सुरू, आणि खाली दौलतरावांची सही. चिठ्ठी नऊ वाजता मिळाल्याबद्दल.

तो कागद साहेबांनी उलटसुलट पाहिला. "हे आधी का नाही दिलं?" एवढंच विचारलं. निकाल दीड वर्षाने आला. पोलीस केस मागे घेतली. दौलतरावांची एक वर्ष बढती थांबली आणि बदली झाली, ती जास्त मोठ्या स्टेशनात. देवमनला नोकरीवरून काढलं. कारण लिहिलं होतं, गुप्त नंबर दुसऱ्यास कळवले. ते खरंच होतं, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणाकडे जायची सोयही नव्हती. मागणाऱ्याची बढती थांबली, देणाऱ्याचं घर गेलं.

त्यानंतर लाईनीतल्या प्रत्येक फाटकात एक सूचना डकवली: नंबर कोणासही आगाऊ देऊ नये. वाचून सह्या करायच्या होत्या. इंद्रभानने सकाळी सही केली. संध्याकाळी नव्या मास्तरने त्याला चार नंबर मागितले आणि त्याने दिले. हे त्याने स्वतः देवमनला सांगितलं, वाशिमच्या बाजारात, हसत. "तुह्यासारखं एखाद्याचंच फुटते रे नशीब." देवमन त्याच्या तोंडावर थुंकला नाही, तिथून उठून गेला. ते त्याला पुढे बरेच दिवस सलत राहिलं.

किन्हीराजा गावाकडे एका मळ्यात त्याला राखणीचं काम मिळालं. शहात्तरच्या हिवाळ्यात एक दिवस गंगूला काही न सांगता तो लखीरामच्या तांड्यावर गेला. लखीराम झोपडीपुढे दोर वळत होता. त्याने देवमनला ओळखलं आणि हात थांबवला.

"कायले आला?"

"खरं सांगाले. मी झोपेत नव्हतो. पन सोनीबाई मेली त्याच्यात माहा हात हाये."

त्याने सगळं सांगितलं. नंबर काय असतो, तो कसा दिला, वही कशी लिहिली. लखीरामने दोर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मास्तर आल्ता मह्याकडं. तेराव्याच्या आधी. इथंच बसला, जमिनीवर. सोनीचं नाव घेऊन रडला. मह्या चुलीवरची भाकर खाल्ली त्यानं. एवढा मोठा मानूस तांड्यात येऊन जेवला म्हनून आमी सारे गहिवरलो. जाताना म्हने, सरकारात तुही दाद लावतो, इथं अंगठा दे. देला."

"काय लिवलं होतं वाचून दाखवलं?"

"नाही."

देवमनने चौकशीत ऐकलेला शब्दन् शब्द सांगितला. लखीराम उठला, झोपडीमागे गेला, आणि बऱ्याच वेळाने परत आला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी असं काई बोललो नव्हतो."

"माहीत हाये."

"सोनीच्या नावानं रडत होता रे तो," लखीराम म्हणाला. "मी त्याले पानी पाजलं." मग त्याने देवमनकडे पाहिलं. "अन् तुह्या तोंडाकडं पाहूनबी मले मळमळते. तू लिवलं कायले?"

 घाबरलो म्हणून, असं देवमन पुटपुटला, आणि ते किती लहान वाटतं हे त्याला बोलतानाच कळलं. तो निघाला. लखीरामने दोर पुन्हा हातात घेतला. तांड्यातली कुत्री वाटेपर्यंत भुंकत आली.

घरी आल्यावर त्याने गंगूला सांगितलं. तिने चुलीवरचा तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "त्याच्या अंगठ्याचा कागद खोटा हाये, तं तसा अर्ज त्यानं द्याले पाह्यजे. तुमी लिवून द्या, तो सांगन तसं. मंग त्याले वाचून दाखवा. दोनदा दाखवा."

लखीराम पंधरा दिवसांनी स्वतःच आला. देवमनने अर्ज लिहिला, तीनदा वाचून दाखवला. लखीरामने एक शब्द बदलायला लावला आणि मगच अंगठा दिला. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. पोच आली. उत्तर आलं नाही. एकोणऐंशीत दौलतराव निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल-नारळ दिला आणि भाषणात कोणीतरी सांगितलं की हा माणूस जातपात मानत नव्हता, गरिबाच्या घरी पाणी प्यायचा. देवमनला हे मळ्यात कळलं. तो तुरीला पाणी देत होता. त्याने ऐकलं, फावडं उचललं आणि पाण्याचा पुढचा दांड फोडला.